पोटऱ्यांवरचं ऊन

"शेगडी बाहेर न्या, आजी. आणि हे तंबाखूचं सूपसुद्धा," नर्स कीर्ती म्हणाली.

मायाक्का जागची हलली नाही. कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीतली निम्मी पोरं तिनं आपल्या पोटऱ्यांवर घेऊन न्हाऊ घातली होती आणि वर ओवा-लसणाच्या सालींची धुरी दिली होती. तिच्या धुरीनं एकदा वसाहतीतले सगळे डास बिऱ्हाडासकट अक्कलकोटला गेले. खोटं वाटत असेल त्यानं तिथं जाऊन डास मोजावेत.

आता तिचाच नातू घरी आला होता. सातव्या महिन्यातच जन्मलेला, चाळीस दिवस काचेच्या पेटीत काढलेला.

"छाती कच्ची आहे त्याची," कीर्ती म्हणाली. "धूर, तंबाखूची धूळ, गर्दी, सर्दीचं माणूस, यातलं काहीही आत आलं तर न्युमोनिया गाठेल. अशा पोराला तो झेपत नाही."

"आन् न्हाऊ?"

"अडीच किलो भरू दे. मग तुम्हीच घाला. धुरी मात्र कधीच नाही."

"मीच?"

"तुम्हीच की."

एवढ्या एका शब्दावर मायाक्कानं बाकीचं सगळं गिळलं. सूप कडुलिंबाखाली गेलं, विड्या तिथंच वळल्या जाऊ लागल्या. आत जायचं तर लुगडं बदलून, कोपरापर्यंत साबण लावून.

राहिली गर्दी. शेंबडी पोरं कडेवर घेऊन बाळ बघायला येणाऱ्या बायका नर्सचं थोडंच ऐकतात? शेजारची रंभाबाई तर रोज दारात.

"नुसतं तोंड बगते की गं!"

"बग की," मायाक्का म्हणाली. "पर ह्यो पोरगा मूळ नक्षत्रावरचा. चार म्हैन्यांच्या आत जी बाई तोंड बगंल, तिचं केस झडत्यात. दवाखान्यातली आया बग, टकली झाली."

रंभाबाईचा हात आपोआप अंबाड्याकडं गेला. संध्याकाळपर्यंत त्या आयाच्या भुवयाही झडल्याची बातमी वसाहतभर झाली. दार ओस पडलं.

ऐन थंडीत पोराचं वजन दोन किलो सहाशे भरलं. दुसऱ्या सकाळी सून दानेश्वरीनं पाणी काढलं. पायरीवर बसलेली मायाक्का लुगडं सावरून उठणार, तोच तिला शिंक आली. मग दुसरी. ती तिनं पदरात दाबली. गल्लीत कुणी नव्हतं.

"आत्या, या की. पाणी निवतंय."

मायाक्का दाराकडं बघत राहिली.

"तूच घाल."

"मी? मला कुटं येतंय?"

"म्या सांगते हितनं. दार लाव. पाय लांब कर. पालथं घे त्येला. मान सांबाळ. पाणी कोपरावर बगितलंस का?"

"व्हय."

"मग घाल. भिऊ नगंस."

रंभाबाई घागर घेऊन चालली होती. बंद दारासमोर बसलेल्या मायाक्काला बघून थबकली.

"का गं? तुला बी केस झडायचं भ्या वाटतंय?"

"व्हय तर," मायाक्का नाक पुसत म्हणाली. "म्हातारपणी टक्कल बरं दिसत न्हाय."

आत पोरानं टाहो फोडला. बारीकच, पण एका दमात लांबवर गेलेला.

"पाठ चोळ आता. हळू," मायाक्का दाराला म्हणाली.

पायरीवर तिचे पाय सवयीनं लांब पसरलेले होते. दोन्ही पोटऱ्यांवर कोवळं ऊन आडवं पडलं होतं. आतलं रडणं थांबेपर्यंत तिनं पाय हलवले नाहीत.