मखमलीच्या अंगरख्यातला दगड

शिवणकारखान्यात सगळी मशीनं बंद आणि वीसेक बायका हात जोडून उभ्या. मध्ये टेबलावर तेजोबाबांचा काळा, चपटा दगड. वादळानं आठवडाभर वीज गेलेली, आणि ह्या दगडाला वायर जोडली की मेलेला मोबाइल उठून बसायचा. "ना तार, ना खांब, ब्रह्मांडाची ऊर्जा थेट तुमच्या दारी," असं बाबांचं पालुपद.

शेजारीच माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मी हसून सोडूनही दिलं असतं, पण बाबांनी इथेच शिवणाऱ्या माझ्या दमेकरी ताईला सांगितलं, "दम्याचा पंप टाकून दे, दगड छातीशी धर." तिनं ऐकलं, आणि जिना चढताना अर्ध्यात बसायला लागली. माझं डोकं फिरलं.

बाबा दोन दिवस परगावी गेले. जाताना बजावून गेले, "रोज दगडाला सूर्यदर्शन घडवा." बायकांनी भक्तीनं त्याला मखमलीचा अंगरखा शिवला, अगदी मापात, वायरीपुरतं भोक ठेवून. सूर्यदर्शनही घडवलं, अंगरख्यासकट.

आज बाबा परतले, वायर जोडली, तर मोबाइल ढिम्म.

"कुणाची तरी श्रद्धा पातळ झालीय," बाबा गरजले.

ताई धापा टाकत म्हणाली, "मीच काल चोरून पंप ओढला."

तिचा तो अपराधी चेहरा बघून मला राहवेना. मी अंगरखा उसवला, दगड उलटा केला आणि मागचे चार स्क्रू काढले.

"दगडाला स्क्रू कशाला लागतात, बाबा?"

बाबांनी दगड हिसकायला हात पुढे केला, तोवर मी तो बायकांकडे वळवला.

"बघा, ही काळी काच म्हणजे सोलर पॅनल. ऊन पडलं की वीज तयार करतं. ही बॅटरी ती साठवते. ही हिरवी पट्टी मोबाइलला झेपेल एवढीच वीज पुढे सोडते. मखमलीतून ऊन पोचलं नाही, बॅटरी रिकामी झाली. ताईच्या श्रद्धेचा काय संबंध?"

मी तो डबा खिडकीतल्या उन्हात धरला. लगेच चार्जिंगचा बारीक तांबडा दिवा लागला. बायका पुढे सरकून बघू लागल्या.

"पाप लागेल, पोरी," बाबा ताईकडे बघून म्हणाले.

"लागू दे," ताई म्हणाली. तिनं पिशवीतून पंप काढला आणि सगळ्यांदेखत ओढला. थोड्या वेळानं तिचा श्वास मोकळा झाला. बाबा तोवर जिना उतरले होते.

चमत्कार दिसला तर खुशाल बघा, पण जवळ जाऊन, उलटापालटा करून बघा. आणि कुणी औषध सोड म्हणालं, तर त्याच्याशी वाद नंतर घाला. आधी औषध घ्या.