भुकटीआधीचा घोट

टोमॅटोच्या मळ्यात बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. मंत्राने कीड मारतो म्हणून गाजलेल्या कीडबाबाने फवारणीच्या पंपातल्या पाण्याचा एक घोट सर्वांदेखत घेतला. मग त्यात चिमूटभर 'सिद्ध भुकटी' टाकली, काहीबाही पुटपुटला आणि अळ्यांनी लडबडलेल्या झाडावर फवारा मारला. थोड्याच वेळात अळ्या टपाटप खाली.

"पाहिलंत?" बाबा गरजला. "प्रयोगशाळेतलं बियाणं राक्षसाचं, दुकानातलं औषध यमाचं! हे शुद्ध पाणी. पुण्यवंताला अमृत, किडीला काळ!"

अळी पापी आहे हे पाण्याला कसं कळतं, असं कुणी विचारलं नाही. अक्कल गहाण टाकून सगळे टाळ्या पिटत होते.

मळ्याचा मालक म्हणजे गावच्या दवाखान्यातल्या नर्सताईचा धाकटा भाऊ. पाणीच तर आहे, म्हणून हा पठ्ठ्या बाबाने दिलेली भुकटी कालवून उघड्या हातांनी, तोंडाला फडकंही न बांधता रोज फवारत राहिला. चौथ्या दिवशी त्याला ताईच्याच दवाखान्यात उचलून आणलं. अंग घामाने निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती.

"काय फवारलंस?"

"विष नाही गं ताई... बाबांचं पाणी. घामावाटे पाप जातं, म्हणाले."

ताईने त्याच्या डोळ्यांवर बॅटरी धरली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"कसलं पाप? हे कीटकनाशक आहे!" ती ओरडली. डॉक्टरांनी लगेच उतारा टोचला. दोन दिवस भाऊ जगेल की नाही, कुणालाच सांगता येईना. ताई मनातल्या मनात बाबाला शिव्या घालत उशाशी बसून राहिली.

भावाने डोळे उघडले आणि ताई उठली. उरलेली भुकटी तिने आधीच तपासायला दिली होती. तो अहवाल आणि दोन धुतलेले पंप घेऊन तिने बाबाची पुढची सभा गाठली.

"बाबा, एका पंपात नुसता मंत्र घाला. दुसऱ्यात मी नुसती भुकटी घालते."

"श्रद्धेची परीक्षा घेतेस?"

"होऊन जाऊ द्या की बाबा!" गर्दीतूनच आवाज आला. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

मंत्राच्या पाण्याने अळ्यांची आंघोळ झाली आणि त्या निवांत पानं कुरतडत राहिल्या. ताईने हातमोजे, मुखपट्टी चढवून भुकटीचं पाणी मारलं. अळ्या टपाटप खाली.

"आता हे प्या. घोट तुम्ही नेहमी भुकटीआधी घेता, आज नंतर घ्या."

बाबाला एकाएकी मौनव्रत आठवलं. ताईने अहवाल वाचून दाखवला: राखेत कालवलेलं जहाल कीटकनाशक.

"पण ताई, कीड तर मरत होती ना?" बाबाचा एक भगत चाचरत म्हणाला.

"मरत होती. माझा भाऊसुद्धा मरत होता! भुकटीच्या डब्यावर धोक्याची खूण असती तर त्याने निदान हातमोजे घातले असते. नवं बियाणं असू दे, औषध असू दे, नाहीतर शेणखत. आत काय आहे, किती वापरायचं, कुणी तपासलंय, एवढं विचारा. जो सांगणार नाही, त्याला शेतात पाऊल टाकू देऊ नका. अहो, ते टोमॅटो तुमचीच पोरं खातात!"