निळ्याच्या आधी

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी.

गोठ्यात वासरांमध्ये रोगाची साथ होती. गुरांचा डॉक्टर दोन खडू खिशात ठेवून फिरायचा. औषध दिलेल्या वासराच्या कपाळावर निळी रेघ. लाल रेघ म्हणजे, याच्यावर आता औषध घालवू नका. त्याची पुतणी शाळा सुटली की त्याच्या मागे मागे. घरचे तिला कंपाउंडरच म्हणत. दोन्ही रंग तिला पाठ.

त्या दुपारी कंपाउंडरबाईंनी काकाच्या आधीच कामाला हात घातला. गोचिडांचं औषध, थेंबभरही पाणी न घालता, उघड्या हातांनी एका वासराला चोळलं. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. काका पोचला तेव्हा ती गव्हाणीशी पडलेली. तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वासात घरघर. त्याने कपडे फाडून काढले, तिला साबणाने धुतलं, मुलांच्या दवाखान्याला फोन लावला.

"उताऱ्याचं इंजेक्शन आहे माझ्याकडे. गुरांचं."

"वजन?"

"मोठ्या करडाएवढं."

"अहो, मुलीचं विचारतेय मी!"

"मुलीचंच सांगतोय."

डॉक्टरीणबाईंनी डोस सांगितला. त्याने दिला, कपाळावर निळी रेघ ओढली आणि गाडी दामटली. इमर्जन्सीच्या दारात बाई थबकल्या.

"हे काय कपाळावर?"

"एक डोस गेलाय."

"बरं केलंत," म्हणत त्यांनी स्ट्रेचर आत ढकललं.

पोरगी वाचली. "भावोजी होते म्हणून," वहिनी येईल-जाईल त्याला सांगते. भाऊ हसतो, "आमच्याकडे माणसं आणि जनावरं एकाच खडूने."

इथे गोष्ट संपते. म्हणजे, संपायला हवी होती.

*

मधला तुकडा.

धुऊन झालं होतं. फोन नुसता वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. वासरांच्या डोळ्यांत बघतो तसं त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि हात आपसूक खिशात गेला. बाहेर आला तो लाल खडू घेऊन. कपाळापर्यंत गेला.

"हॅलो?" फोनमधून आवाज आला.

टेकला नव्हता खडू. हे तो स्वतःला आंघोळ करताना सांगतो. घास हातात धरून सांगतो. आणि ती शुद्धीवर कुठे होती, तिला काय दिसणार, हेही.

*

लाल खडू त्याने गटारात टाकला. तेव्हापासून सगळी वासरं निळी.

"मेलेल्यालाही सुया टोचणार का रे तू?" भाऊ करवादतो. तो पुढच्या वासराकडे वळतो.

पुतणी त्या दुपारनंतर आज पहिल्यांदा गोठ्यात आली. कोपऱ्यात एक कालवड पसरलेली, कान थंडगार. तो सिरिंज भरायला लागला.

"काका, हिचं काही खरं नाही. लाल लाव."

"हळू बोल. तिला कळतं."

"माहितीये."

तिने बसकण मारली, कालवडीचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपला तळवा तिच्या डोळ्यावर अलगद ठेवला.

"आधी असे डोळे झाकायचे असतात, काका," ती समजावत म्हणाली. "मग खडू काढायचा."