हवालदारणीचा स्पीडब्रेकर

गल्लीत तिला सगळे हवालदारीण म्हणत. पोलिसखात्याशी तिचा तसा काही संबंध नव्हता. खिडकीशी शिलाई मशीन लावून बसायची आणि एखादी गाडी जोरात गेली की मशीन थांबवून ओरडायची, "अहो, घरी कुणी वाट बघतंय की नाही?" आवाज असा खणखणीत की चालवणाऱ्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. पण एकटी बाई ओरडून ओरडून किती ओरडणार! मोठ्या रस्त्यावर गर्दी झाली की सगळी वाहनं याच गल्लीतून सुसाट सुटायची, आणि एके सकाळी व्हायचं तेच झालं. समोरच्या नर्सबाईंची सहा वर्षांची चिमणी चेंडूमागे धावली आणि मोटरसायकलखाली आली. जीव वाचला, पण पाय मोडला. तो मेला मोटरसायकलवाला थांबलासुद्धा नाही.

हवालदारणीचा नवरा पेंटर. तो त्या दिवसांत हॉस्पिटलात होता. दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून पडला आणि पाठीच्या कण्याचं ऑपरेशन करावं लागलं. त्याच्या उशाशी बसून बसून ती अर्धी झाली होती. तरी चिमणीचं प्लास्टर बघितलं आणि तिचं डोकं फिरलं. तशीच नगरपालिकेच्या ऑफिसात गेली आणि गल्लीसाठी स्पीडब्रेकर मागितला. साहेब म्हणाले, "अर्ज द्या, पाहणी होईल, मग बघू."

"तुमची पाहणी होईस्तोवर पोर लग्नाला येईल," ती म्हणाली आणि उठून आली.

मोठ्या रस्त्याचं काम चालू होतं. तिथल्या मुकादमाला गळ घालून तिनं उरलेलं डांबर आणि खडी मिळवली, घराघरातून माणसं बाहेर काढली, त्यांच्या हातात फावडी दिली आणि स्वतः कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. उंचवटा बऱ्यापैकी झाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "काकू, पुरे आता."

"पुरे काय पुरे? त्या पोरीचा पाय बघितलात ना? घाला अजून!"

तिच्यापुढे बोलण्याची कुणाची टाप होती? घातलं अजून, आणि त्यावर आणखी. शेवटी स्पीडब्रेकर कसला, गल्लीच्या तोंडाशी टेकाडच उभं राहिलं. वाहनं गोगलगाईसारखी चढायला लागली, चालवणारे शिव्या घालायला लागले, आणि हवालदारणीला त्या शिव्या ऐकून इतका आनंद व्हायचा की विचारू नका.

मग पेंटरला घरी सोडलं. अॅम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी आली, पुढची चाकं चढली, धप्पकन उतरली, आणि आयुष्यात कधी हूं की चूं न केलेल्या त्या माणसानं अशी किंकाळी फोडली की शेजारी बसलेल्या हवालदारणीनं त्याला घट्ट धरलं. मागची चाकं अजून उतरायची होती.

"कुठल्या शहाण्यानं बांधलाय हा डोंगर?" ड्रायव्हर करवादला.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरात पलंगावर टेकल्यावर पेंटरनं विचारलं, "हे कधी झालं गं?"

"ऑफिसवाल्यांनी केलंय," ती म्हणाली. तोंडावर खरं बोलून जन्मभर शत्रू गोळा केलेली बाई, पण त्या दिवशी नवऱ्याशी खोटं बोलली.

व्यायामासाठी त्याला आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात न्यायचं होतं. जाताना तोच दणका, येताना तोच दणका. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला अॅम्ब्युलन्स वळत नाही. मी टेकाडापलीकडे गाडी लावतो. चार माणसं आली तर घरापासून स्ट्रेचर उचलून नेता येईल. मला आणि मदतनिसाला काही ते इतक्या लांब झेपायचे नाहीत." आणि खरंच, पेंटर गडी होता धिप्पाड. पण माणसं मागायची कुठल्या तोंडानं? "पुरे, पुरे" म्हणणाऱ्यांना गप्प करून तिनंच तो बांधून घेतला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ! ती नवऱ्याचा हात धरून गाडीत बसायची आणि टेकाड आलं की डोळे मिटून घ्यायची.

एके दिवशी परत आल्यावर पेंटर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी आता जाणार नाही. तो दणका माझ्याच्यानं सोसवत नाही. पडून राहीन इथंच."

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: व्यायाम सुटला तर पाय गेलेच म्हणून समजा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नाही असं बघून, ती कुदळ घेऊन बाहेर पडली. पहिला घाव घातला, चिमूटभर खडी उडाली. दुसरा घालते तोच मागून आवाज आला, "हे काय चाललंय?"

ड्यूटीवरून आलेल्या नर्सबाई पिशवी खांद्याला लावून उभ्या होत्या.

"दिसत नाही? फोडतेय."

"फोडताय? माझी पोर कालपासून कुठे अंगणात पाय टेकायला लागलीय, आणि तुम्ही फोडताय? बांधलात कुणासाठी मग? मिरवण्यासाठी?"

हा घाव मात्र वर्मी लागला. हवालदारणीनं कुदळ टाकली, त्या टेकाडावरच मटकन बसली आणि भर रस्त्यात हुंदके देऊन रडायला लागली. "त्याला सोसत नाही हो. लहान पोरासारखा ओरडतो. आता जाणारच नाही म्हणतो. मी त्याला जन्माचा लुळा करून ठेवला, माझ्या या हातांनी."

नर्सबाईंच्या ड्यूटीच्या वेळा अशा की अॅम्ब्युलन्स कधी येते आणि कधी जाते, त्यांना पत्ताच नव्हता. मग त्यांचा पारा चढला तो वेगळ्याच कारणानं.

"आणि हे आज सांगताय? माणसाला टेकाडापलीकडे उचलून नेता येतं, एवढं साधं! आमचे हात काय झडले होते? आम्हाला फावडी धरायला बोलावताना नाही लाजलात ती!"

पुढच्या खेपेला अॅम्ब्युलन्स टेकाडापलीकडेच थांबली. शेजारचे दोघे आले, ड्रायव्हर आला, मदतनीस आला. नर्सबाई डोक्याशी उभ्या राहून सगळ्यांना दरडावत होत्या. "झटका नको. माझ्याबरोबर उचला. पाठ सरळ!" चिमणी लंगडत लंगडत दाराशी येऊन बघत होती. पेंटरनं पलंगाची कड घट्ट धरली होती. ती बोटं बायकोनं एक एक करून सोडवली आणि त्याला स्ट्रेचरवर घेतलं.

गल्लीतून निघाले. टेकाडावर चढले. त्यानं डोळे मिटून दात आवळले होते, पण दणका आलाच नाही. त्यानं डोळे उघडले, मान जराशी वळवून खाली बघितलं आणि म्हणाला, "बापरे, केवढा हा!"

हवालदारणीला राहवलं नाही. "मी बांधून घेतला," ती म्हणाली. "ऑफिसवाल्यांनी नाही. मी."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं," पेंटर म्हणाला. "ऑफिसवाले कधी इतकं मन लावून काम करतात का?"

शेजारी हसायला लागले तशा नर्सबाई ओरडल्या, "हसू नका, स्ट्रेचर हलतंय!" हवालदारीण मात्र तोंडावर हात दाबून ढसाढसा रडत होती.

"रडतेस कशाला? पट्टे कुठायत याच्यावर?" पेंटर म्हणाला. "पांढरे पट्टे नकोत? तिन्हीसांजेला कुणाला दिसणार हा? उद्या कुणीतरी आपटून मरेल. हे काम दुसऱ्या कुणाला देऊ नका, वाट लावतील." आणि मग ड्रायव्हरकडे बघून म्हणाला, "चला हो, उशीर होतोय व्यायामाला."