नावापुढचं एम.ए.

"काका, तुम्ही एम.ए. कशात केलं?"

हा प्रश्न विचारायची पैज वसुधानं लावली होती, प्रतिमानं तिला हवा दिली होती, आणि विनीतानं ती हसत हसत उचलली होती. जयंतीच्या दिवशी पाहुण्याचं भाषण झालं की पोरांनी उभं राहून हवं ते विचारायचं आणि पाहुण्यानं उभ्या उभ्याच उत्तर द्यायचं, ही चेरीताल वस्तीतल्या बुद्धविहारातली जुनी रीत. पण पोरं विचारायची काय, तर अभ्यास कसा करावा. पाहुणे सांगायचे, पहाटे उठून. झालं.

"तू काही ढंगाचं विचारून दाखव," प्रतिमा म्हणाली होती. "बडी भाषणवाली बनते."

"एम.ए.चं विचार," वसुधा कुजबुजली. "माझे बाबा म्हणतात, काकांचा जन्म तारघरात तारा पाठवण्यात गेला, एम.ए. केलं कधी?"

"बॅनरवर लिहिलं आहे न. केलंच असेल," विनीता म्हणाली आणि ताडकन उभी राहिली.

तिचे दिवसच तसे होते. शाळेच्या वादविवादात नुकताच तिनं कप मारला होता. विषय होता, विद्यापीठ चालवणारा माणूस विद्वान असावा की कारभारी. विनीताच्या वाट्याला विद्वान आला आणि तिनं कारभाऱ्याची अशी काही धूळधाण केली की मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः टाळी वाजवली. तेव्हापासून कुठलंही सभागृह तिच्या आवाजाला लहानच पडायचं.

आणि समोर तर लक्ष्मणरावकाका. तारघरातून रिटायर झालेले, कुंडमकडच्या खेड्यांतून पोरं आणून त्यांची कॉलेजात नावं घालणारे, हॉस्टेलच्या वॉर्डनशी भांडणारे. त्या वर्षी त्यांचं नाव विद्यापीठाच्या कार्यपरिषदेसाठी भोपाळला सरकारकडे गेलं होतं. कुलगुरूंच्या शेजारी बसून फी, हॉस्टेल, नेमणुका ठरवायच्या, असं ते काम. वस्तीतला पहिलाच माणूस तिथे बसणार म्हणून सगळ्यांची छाती फुगली होती. मंचाच्या मागे लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'मा. लक्ष्मणरावजी, एम.ए.'

काकांनी माईक हातात धरला. एकदा मागे वळून बॅनरकडे पाहिलं, मग बाजूला उभ्या असलेल्या विनीताच्या बाबांकडे. बाबा खाली वाकून माईकची वायर सारखी करू लागले.

"बेटा, मी एम.ए. नाही," काका म्हणाले. "मी इंटर नापास आहो. हे सकाळी आलो तवाच वाचलं होतं. उतरवा म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं. चांगलं दिसून राहिलं होतं."

आणि ते खाली बसले. टाळ्या वाजवाव्या की नाही हे कोणाला कळेना. वसुधानं विनीताच्या फ्रॉकचं टोक ओढलं, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण अजून उभ्याच आहोत.

बुंदीच्या रांगेत मग तोंडं सुटली. नीलकंठ वकील म्हणाले, "विद्यापीठाच्या खुर्चीवर बसणाऱ्याले तिथला अभ्यास काय असते ते ठाऊक पाहिजे. उद्या प्रोफेसर लोक हसतीन."

"हसू द्या," पार्वताबाई म्हणाल्या. त्यांचा मुलगा काकांमुळेच हॉस्टेलात राहत होता. "माझ्या पोराले वॉर्डन भायेर काढून राहिला होता, तवा दारात कोण उभं होतं? तुमची डिग्री आली होती का वकीलसाहेब?"

"दारात उभं राहणं वेगळं, बाई, अन् आत बसून ठरवणं वेगळं. आणि ते जाऊ द्या. नापास तर नापास, खोटं काहून लिहायला लावलं?"

पार्वताबाई आपला द्रोण घेऊन रांगेत पुढे सरकल्या.

विनीताला वाटलं, वकीलकाकांचं बरोबर आहे. मग वाटलं, पार्वताबाईंचंही बरोबर आहे. शाळेत असं नव्हतं झालं. तिथे बाजू चिठ्ठीत निघते आणि आपण तिच्यावर स्वार होऊन सुटतो. इथे बुंदीचा द्रोण हातात तसाच राहिला.

'खोटं' हा शब्द मात्र काकांना चिकटला तो चिकटलाच. थोड्याच दिवसांत त्यांनी भोपाळला कळवून आपलं नाव मागे घेतलं. ती जागा शहरातल्या एका डॉक्टरांना मिळाली. तीन तीन डिग्र्या, माणूसही भला म्हणे. पण कुंडमच्या पोरांनी त्यांच्याकडे जायचं कसं, हे कोणालाच माहीत नव्हतं. विहारातल्या रविवारच्या वंदनेला काकांची सतरंजीवरची जागा रिकामी राहू लागली.

शेवटी विनीता त्यांच्या घरी गेली. माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवली होती, ती दारातच पळाली.

"काका, मी नव्हतं विचारायला पाहिजे."

"काहून? बरोबर विचारलं तू. असं विचारणारं कोणी पाहिजेच." त्यांनी चहाची कपबशी तिच्यापुढे सरकवली. "मीच मोहात पडलो."

"पण लिहायला तुम्ही सांगितलं होतं?"

"चहा पी. थंडा होऊन राहिला," काका म्हणाले.

वस्तीतले सगळे बॅनर विनीताचे बाबा रंगवायचे. फॅक्टरीत ते पेंटिंगच्याच खात्यात होते. काकांनी सांगितलं तेच त्यांनी लिहिलं, असंच सगळे धरून चालले होते. विनीताही. पण मंचावरून काकांनी बाबांकडे टाकलेली ती नजर आता तिला आठवली.

रात्रीच्या जेवणाला आईनं वरण वाढलं आणि विनीतानं विचारून टाकलं. "बाबा, एम.ए. लिहा म्हणून काका बोलले होते?"

बाबांचा घास हातात थांबला. "नाही."

"मग?"

"नुसतं नाव उघडं दिसत होतं," बाबा म्हणाले. "आपल्या इथे जावयाचं नाव सांगतानाही आधी बी.कॉम. सांगतात. वकिलाच्या नावापुढे आहे, मास्तरच्या नावापुढे आहे. अन् जो विद्यापीठात जाऊन राहिला त्याच्याच नावापुढे काही नाही. ब्रश हातात होता. लिहून टाकलं."

"तर मग तेव्हाच सांगून द्यायचं न," आई हळूच म्हणाली.

"मंचावर? सगळ्यांसमोर? मग वाटलं, उद्या सांगीन. मग काकानं नावच काढून घेतलं. आता सांगून काय फायदा, सीट तर गेली."

"सीट गेली बाबा, काका तर इथेच राहतात," विनीता म्हणाली. कप जिंकतानाचा तो आवाज आज लागत नव्हता, तिला तो नकोही होता. "लोक त्यांनाच खोटं म्हणून राहिले, अन् ते तुमचं नाव घेत नाहीत."

आईनं तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"मी ठरवलं आहे," विनीता म्हणाली. "या रविवारी वंदना झाली की मी उभी राहणार. सांगणार, एम.ए. काकांनी नाही लिहायला लावलं, माझ्या बाबांनी आपल्या मनानं लिहिलं. तुम्ही माझ्याआधी उभे राहिले, तर मी बसून राहीन."