बांधापलीकडचा खेळ

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. विठूला धाटावच्या एका कंपनीत शिफ्टची नोकरी लागून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. रोह्याजवळच्या अष्टमी गावापासून कोसभर आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं वीस गुंठ्यांचं शेत त्याच्या बायकोच्या, हौसाच्या अंगावर पडलं होतं. पावसाळ्यात भात, आणि भात कापलं की त्याच ओलीवर वाल. भाताचं तिनं निभावलं. वाल मात्र माघ महिन्यात वानरांनी असा साफ केला की पाहुण्यापुढं बिरड्याची वाटी ठेवायचीही सोय उरली नाही.

तेव्हा तिचा थोरला दीर हैबतराव बांधावर येऊन उभा राहिला. हौसाकडे न बघता विठूला म्हणाला, "बाईमाणसाच्यानं राखण व्हत नाय. पुढच्या साली पण असंच झालं तर शेत मी करीन. तू आपला कंपनीत जा."

"एक साल बघू," असं म्हणून विठूनं मान हलवली.

ती मान हौसाच्या डोळ्यांसमोरून हलेना. थोरल्याच्या नांगराखाली एकदा गेलेलं शेत परत येत नाही, हे तिनं दोन घरांत पाहिलं होतं.

गणपतीच्या आधी ती पेणला माहेरी गेली. तिचा भाऊ नाथा गणपतीच्या कारखान्यात कामाला होता. त्याची कुत्री ओल्या मूर्तींच्या रांगांमध्ये दगडासारखी बसून असे. मांजर नाही, कोंबडी नाही, उंदीरसुद्धा आत येत नसे. तिचं एक पिल्लू नाथानं बहिणीला दिलं. कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून चांद्या.

"एक ध्यानात ठेव," नाथा म्हणाला. "ह्याच्याशी खेळायचं नाय. काम शिकवायचं, भाकरी घालायची, बांधून टाकायचं. आमच्याकडं कुत्र्याची शेपूट हलली तरी एखाद्या मूर्तीची सोंड जाते. खेळका कुत्रा राखणीला बसत नाय."

हौसानं पिल्लू टोपलीत घातलं आणि एसटीनं घरी आणलं. नागोठण्यापर्यंत ते दोनदा ओकलं. पुढं भावानं सांगितलेलं तिनं अक्षरशः पाळलं. पिल्लू पायात घोटाळलं की ती पाय काढून घेई. कधी त्याच्या कानाकडे हात जायचा, पण तो ती मध्येच मागं घेई. वाल हातभर वाढला तेव्हा चांद्या सहा महिन्यांचा झाला होता आणि गुपचूप बसायला शिकला होता.

एक दिवसाआड सकाळी हौसा त्याला शेतातल्या खोपीच्या मेढीला बांधायची आणि मुळा-शेपूची टोपली घेऊन रोह्याच्या बाजाराला जायची. जेवणवेळेला परत. मार्गशीर्ष लागला आणि तिला काहीतरी वेगळं दिसायला लागलं.

पहिली वेगळी दिसली ती मेढीवरची गाठ. ती स्वतः दोन फेरे घेऊन टोक आत खुपसायची, आणि ही गाठ एकाच फेऱ्याची होती. आपणच घाईत बांधली असेल, असं तिनं मनाला समजावलं. पण चांद्याही बांधलेल्या कुत्र्यासारखा दिसत नव्हता. जीभ बाहेर, नाकाला माती, डोळ्यांत गंमत. तिसऱ्या बाजाराला तिला खोपीमागं नारळाच्या सोडणाचा, वरच्या काथ्याच्या सालीचा, तुकडा सापडला, दातांनी चावलेला. त्या शिवारात नारळाचं एक झाड नव्हतं. चार झाडं होती ती हैबतरावाच्या अंगणात.

कुत्रा खेळका झाला, राखणीतून उठला, तर शेत कुणाच्या घरात जाणार होतं? हिशेब सरळ होता. शेजारच्या शेतातल्या अमीनाकडं तिचं लक्षही गेलं नाही. अमीनाच्या घरात कुत्र्याची लाळ लागलेली चालत नसे. वाटेत कुत्रा दिसला की ती पदर आवरून वाट बदले.

हौसानं विहिरीवर जावेला, मालूला गाठलं.

"बाय, तुमच्याकडं सोडणं लय झाली वाटतं."

"का गो, चूल पेटत नाय? ने चार."

"माझ्या कुत्र्याला कोण नेऊन देतंय, म्हणून इचारलं."

मालूनं कळशी खाली ठेवली आणि पोट धरून हसली. "मला माझी पोरं खेळवायला येळ नाय, तुझा कुत्रा खेळवू? वाल राख गो, वाल! संशय काय, न पेरता उगवतो."

इतकं हसायचं कारण काय, असं म्हणत हौसा घरी आली. आता तर तिची खात्रीच झाली.

पुढच्या बाजाराला ती टोपली घेऊन वळणापर्यंत गेली. टोपली करवंदीच्या जाळीत लपवली आणि नाल्यानाल्यानं मागं येऊन पेंढ्याच्या उडवीआड बसली. डोळे हैबतरावाच्या वाटेवर लावले. पण पावलं वाजली ती दुसऱ्या बाजूनं.

पदर कमरेला खोचून, हातात पुरुषभर लांब काठी घेऊन अमीना बांध उतरली. मेढीवरची गाठ सोडली आणि झटकन मागं झाली. बांधावरच्या दगडावर तिनं काठी दोनदा ठोकली. चांद्या तिच्याकडे बघत उभा राहिला. तिनं काठीच्या टोकानं सोडण उचललं आणि भिरकावलं. चांद्या बाणासारखा गेला, तोंडात धरून आला आणि थेट तिच्या अंगावर निघाला, तशी तिनं काठी आडवी केली.

"थितंच! ठेव. हो मागं."

त्यानं सोडण ठेवलं, पाच पावलं मागं सरला. तेव्हाच काठी सोडणाला लागली. मध्येच एक भारद्वाज उडाला आणि चांद्या त्याच्यामागं धावला. दगडावर दोन ठोके पडले. अर्ध्या वाटेत पक्षी सोडून तो परत आला, पुढचे पाय टेकून, मागचं अंग वर करून उभा राहिला. टाक, लवकर टाक.

हौसा उडवीमागून बाहेर आली. "अमीना!"

"या अल्ला! मेले असते गो!"

"माझ्या कुत्र्याची वाट लावतेस? आता बरा चालतो तुला कुत्रा!"

"हात लावलाय का मी? बघ, काठी केवढी हाय."

"पण कशाला? थोरल्यांनी सांगितलं ना तुला?"

"मला कोण सांगनार? सोडणं मालूकडनं चुलीसाठी नेली तेवढी." अमीनानं आपल्या वालाकडे पाहिलं. "खरं सांगू? माझ्यासाठीच. गेल्या साली तुझा वाल संपला नि वानरं माझ्यात शिरली. घरवाला कुवेतला, सासूला दिसत नाय. घरात कुत्रा ठेवायची सोय नाय. तुझा कुत्रा तुझ्या बांधापर्यंत राखील. म्हटलं, थोडा जीव माझ्यावर पण बसू दे त्याचा."

"म्हंजे चोरी."

"चोरी म्हन. पण तुझ्या हाकंला येतो का तो, येकदा बघ तरी."

त्या दिवसापासून हौसानं बाजार बंद केला. दोरीला दोन्हीकडे तिहेरी गाठी मारल्या. अमीना दिसली की ती पाठ फिरवी. पण शेवटचं वाक्य काही तिला गिळता येईना. ती हाक मारी, तेव्हा चांद्या पोट जमिनीला लावत, संथ पावलांनी येई. आणि येताना बघत असे बांधाकडे.

माघात, भरदुपारी, वानरं आली. आधी कळपातला मोठा नर, हुप्प्या, एकटाच उघड्यावरून चालत आला. हौसानं चांद्याला सोडलं. हुप्प्या पळाला, पण जपून, कुत्रा मागं येतोय ना हे बघत. पायथ्याच्या सागावर चढून बसला. चांद्या खाली उभा राहून भुंकत राहिला आणि इकडे नाल्याच्या अंगानं वीस-पंचवीस वानरं शेतात उतरली.

"चांद्या! ये! चांद्याऽ!"

त्यानं मानसुद्धा वळवली नाही. हौसा दगड घेऊन धावली. वानरं दहा हात सरली आणि पुन्हा शेंगा ओरबाडू लागली. बाईला ती भीत नाहीत. तिच्या डोळ्यांसमोर शेत चाललं होतं.

मग तिनं ते केलं जे करताना तिला लाज वाटली. हातातला दगड बांधावरच्या दगडावर दोनदा ठोकला.

भुंकणं तुटलं. चांद्या वारा प्यायल्यासारखा आला आणि पाच पावलांवर पुढचे पाय टेकून थांबला. टाक. तिच्याकडे सोडण नव्हतं. तिनं कमरेला खोचलेली चुंबळ ओढून काढली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून नाल्याकडं फेकली. चांद्या चुंबळीमागं वानरांच्या मधोमध घुसला. किंचाळत कळप फुटला आणि बांध ओलांडून अमीनाच्या वालात गेला.

अमीना तिथं उभी होती. तिकडून दोन ठोके आले. चुंबळ तोंडात धरून चांद्या बांध ओलांडून गेला. हौसा बांधापाशी थबकली. गेला तो. पण अमीनानं काठीवर चुंबळ उचलून वानरांवर भिरकावली आणि ओरडली, "ठोक गो! आता तू ठोक! उभी काय ऱ्हायलीस!"

हौसानं ठोकलं. ऊन कलेपर्यंत दोघींनी तो कुत्रा बांधाच्या अल्याडपल्याड खेळवला.

संध्याकाळी हैबतराव आला. नाल्याकडचे दोन वाफे उपटले होते. तो वाकून शेंगा चाचपत शेतभर फिरला. "बाकी हाय की," असं नाइलाजानं म्हणाला. मग विचारलं, "कुत्रा कुनाचा ह्यो?"

"माझा," हौसा म्हणाली. थोडं थांबून तिनं जोडलं, "बांधाच्या ह्या अंगाला."

शेत हौसाकडे राहिलं. हैबतरावानं त्याचं स्वतःचं शेत पुढं प्लॉटवाल्यांना विकलं आणि नागोठण्याला मुलाकडे राहायला गेला, तिथंच वारला. मालू अजून हसतमुख आहे, फक्त ऐकू कमी येतं. विठू कंपनीतून निवृत्त झाला आणि तीन वर्षांत गेला. नाथानं पुढं चांद्याला एकदाच पाहिलं, "बिघडवलंस गो पोर," म्हणाला आणि मरेपर्यंत ते मत बदललं नाही. त्याच्या कारखान्यापुरतं ते बरोबरच होतं. अमीनाचा नवरा ताजुद्दीन त्र्याऐंशीत परतला आणि त्यानं अष्टमीत कापडाचं दुकान काढलं. हौसा आणि अमीना मैत्रिणी झाल्या असं कुणी म्हटलं तर दोघींनाही ते पटलं नसतं. चांद्या होता तोवर हौसा मोजत असे, तो आज पलीकडं किती वेळ होता. चांद्या अकरा वर्षं जगला. त्याला कुठं पुरायचं यावरून त्या दोघी दुपारभर भांडल्या. अमीना दोन हजार नऊ साली गेली. हौसा आता ऐंशीच्या पुढं आहे. वाल सुनेनं बंद केला आहे, पण म्हातारी पौषात, वालाला शेंगा धरायच्या दिवसांत, काठी टेकत बांधापर्यंत जाऊन येते.