पुंजा महाराजांचं गुलाबी पाणी

सातपूरच्या आमच्या कामगार वसाहतीत पाणपोईपुढे सकाळपासून रांग लागायची. प्रत्येकीच्या हातात पांढरा खण. रांजणातल्या फिक्या गुलाबी पाण्यात तो बुडवायचा, वाळवायचा, असं अकरा दिवस. बाराव्या दिवशी निरांजनावर धरला की निळा! पाणपोई चालवणाऱ्या पुंजा महाराजांनी पाणी शिंपडलं की पुन्हा गुलाबी.

"खण निळा म्हणजे देवीआई प्रसन्न, गुलाबी म्हणजे तहानलेली!" महाराज गर्जत. "प्या पेलाभर! उलटी झाली तर भिऊ नका, पीडाच बाहेर पडते!"

समोर माझा दवाखाना, रिकामा. मी डॉक्टर, आणि हा माणूस रांजणाशेजारी बसून माझे पेशंट पळवतोय. मला हेवा वाटत होता, सरळ सांगते. त्यात माझ्या पेशंट चंद्रभागाचं हिमोग्लोबिन! वर्षभर माझ्या लोहाच्या गोळ्या खाऊन आठच्या वर सरकलं नव्हतं. दोन महिने रांजणातलं तीर्थ प्यायली आणि अकरा! रिपोर्ट बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग तीच चंद्रभागा जिना चढताना धापा टाकू लागली. गळाही पुढून सुजला. जळफळाटातच मी जुनी पुस्तकं उपसली, रांजणातलं पाणी प्रयोगशाळेत पाठवलं. पाण्यात कोबाल्ट धातूचा क्षार निघाला. महाराज पूर्वी धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यात होते, तिथलाच हा क्षार.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून तोच क्षार आणून मी रांगेसमोर नळाच्या पाण्यात घट्ट कालवला. त्यात खण बुडवून निरांजनावर धरला. निळा! पाणी शिंपडलं, गुलाबी.

"हा क्षार तापून कोरडा झाला की निळा, ओला झाला की गुलाबी. तुमच्या रांजणात क्षार थोडा, म्हणून तो खणात साठायला अकरा दिवस लागतात."

"तुमचा धंदा बसला, म्हणून जळता तुम्ही!" रांगेतली साळूबाई कडाडली.

"जळतेच! पण म्हणून पाणी शुद्ध होत नाही. माझं मन नका तपासू, पाणी तपासा."

चंद्रभागा पुढे आली. "पण माझं रगत तर खरंच वाढलं ना, म्याडम?"

"वाढलं. पूर्वी डॉक्टरही हाच क्षार द्यायचे. गळे सुजले, हृदयं दुखावली, म्हणून बंद केला. गुण आला की तिथेच थांबू नका. कशाने आला, ते विचारा."

महाराज पुन्हा देवीचं नाव घेऊ लागले. चंद्रभागाने रांजणाची तोटी बंद केली आणि मागच्या बाईच्या कडेवरच्या पोरीकडे बघत म्हणाली, "हिला नको पाजू, बाय. मी लय प्यायले."